भेगाताईंचे दोन फोटो

माझ्या नणंदेला नवी कोरी रंगवलेली भिंत दाखवली, की कौतुक राहिलं बाजूला, ती संशयाने विचारायची, "काय लपवलंय हिच्यात?" ती इंजिनीअर. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायची, आणि गळ्यात कॅमेरा अडकवून मुलुंडपासून वर्सोव्यापर्यंत जुन्या इमारती तपासत हिंडायची. आमच्या बिल्डिंगने तिचं नावच ठेवलं होतं, भेगाताई.

माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा म्हणाली, "सुमे, उद्या चल. फोटोत तू हवीस." मी बावळट! पैठणी नेसले, गजरा माळला, पावडर थापली. घाटकोपरच्या एका ओल्या जिन्यात तिने माझ्या हाती फूटपट्टी दिली. "भेगेला लावून धर. हलू नकोस." रोल धुऊन आला, त्यात माझा अंगठा आणि दोन बांगड्या! चांगली आठवडाभर मी फुगून बसले होते.

फोटो आधी लांबून, मग जवळून, हा तिचा नियम. "नुसत्या भेगेचा फोटो म्हणजे नुसत्या नाकाचा फोटो. कुणाचं ते कळायला नको का गं?" दर वर्षी त्याच जागी उभी राहून, पट्टी लावून, पुन्हा तोच फोटो. लोक हसायचे. मीही हसायचे, स्वयंपाकघरात, तिला ऐकू जाणार नाही इतपत.

मग बऱ्याच वर्षांनी आमच्याच मागच्या जिन्याच्या खांबाची पाळी आली. चेअरमन सावंतांकडे लेकीच्या डोहाळजेवणाची गडबड. "अहो ताई, ही भेग बिल्डिंग बांधल्यापासूनची. प्लास्टर थापू, रंग मारू, झकास!"

ताईने वाद घातलाच नाही. मोबाईलवर गेल्या वर्षीचा फोटो उघडला, शेजारी आजचा लावला. गेल्या वर्षी पट्टीत मावणारी भेग आता वरच्या बीममध्ये शिरली होती.

सावंत मोबाईलवर वाकले. "लेकीची खोली या खांबाला लागूनच आहे हो."

"मग आत्ता आमच्याकडे आणा तिला. भांडण उद्या."

संध्याकाळपर्यंत खांबाला लोखंडी टेकू लागले. पुढे प्लास्टर फोडलं, तर आतली सळई गंजून पापडासारखी चुरली. मिस्त्री ती झाकायला लागला, तशी सावंतच गरजले, "थांब रे! आधी ताईंना फोटो काढू दे!" बारसं आमच्याच हॉलमध्ये झालं.

ताईला जाऊन वर्ष होईल. परवा सावंत नव्या बिऱ्हाडाला खांबापाशी नेऊन ते दोन फोटो दाखवत होते. छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्या ताईंनी काढलेत."

मी वरच्या जिन्यातूनच ओरडले, "आमच्या म्हणे! नणंद माझी होती हो, सावंत!"