पाठदुखीचा दाखला

माझा धाकटा भाऊ सांगलीत, जमिनींचे नकाशे ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत होता. जुन्या जीर्ण नकाशावर पारदर्शक कापड पसरून नवी नक्कल काढायची, हे त्याचं काम. रेघ अशी काढायचा की बघत राहावं. पण कुणी पाठीवर थाप मारली की तो दचकायचा, दोघं एकदम बोलायला लागले की कानांवर हात ठेवायचा. इतकी वर्षं त्याचं टेबल मागच्या भिंतीला होतं, म्हणून निभावलं.

नव्वदीच्या सुरुवातीला नवे साहेब आले आणि त्यांनी सगळ्यांच्या जागा बदलल्या. भावाचं टेबल पुढे आलं. एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला नकला मागणाऱ्यांची रांग. दोन महिन्यांत त्याची झोप गेली, जेवण गेलं. एक दिवस तो टेबलाखाली जाऊन बसला. मी तेव्हा कराडला शिक्षिका होते. कचेरीतल्या शिपायाने माझ्या शाळेत फोन केला, "बाई, मानूस लय चांगला हाय ओ, पर आता काय खरं न्हाई. तुमी या."

मी त्याला मिरजेला, मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन तास घेतले. म्हणाले, हा जन्मापासूनच असा आहे, याला ऑटिझम म्हणतात; आणि आता त्यावर भीती आणि उदासी जडलीय. औषध देतो, पण आधी टेबल हलवा, आणि काम तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगा. तसं त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. भावाने तो कागद तीनदा वाचला. "म्हणजे मी आळशी नाही," म्हणाला.

तो कागद मी घरी आणून कपाटात साड्यांखाली ठेवला. मला लाज वाटली, दुसरं काय! त्याच महिन्यात माझ्या मुलीला साताऱ्याचं स्थळ सांगून आलं होतं, आणि मुलाची मावशी नेमकी सांगलीची. मामाचं डोक्याचं दुखणं तिच्या कानावर गेलं असतं तर स्थळ हातचं गेलंच म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार करून मी ओळखीच्या डॉक्टरांकडून पाठदुखीचा दाखला घेतला: यांस भिंतीलगत, टेकून बसता येईल अशा जागी बसवावे. भावाला न सांगता तो अर्जाला जोडून कचेरीत देऊन आले. वर स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं मला.

साहेबांनी भावाला बोलावलं.

"पाठ दुखते तुमची?"

"नाही."

"कधीच नाही दुखली?"

"शाळेत असताना पडलो होतो. तेव्हा दोन दिवस दुखली."

झालं. खोटा दाखला दिल्याबद्दल त्याच्या हातात नोटीस पडली. आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर नोकरी जाईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि मी चिडले कुणावर, तर त्याच्यावरच. "एक हो म्हणता आलं नाही तुला?" तो माझ्याकडे बघत म्हणाला, "पण नव्हती ना दुखत."

मग साड्यांखालचा कागद काढावाच लागला. तो घेऊन मी भावाबरोबर साहेबांपुढे उभी राहिले. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, हा आधी का नाही आणलात?" साहेब तापट होते, पण मनाने वाईट नव्हते. नोटीस मागे घेतली. टेबल त्याच दिवशी मागे न्यायला सांगितलं, काम चिठ्ठीवर द्यायचं हेही शिपायाला बजावलं. फक्त कागद फायलीला लावावा लागेल, म्हणाले. म्हटलं, लावा.

भाऊ मला स्टँडवर सोडायला आला. कराडची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "ताई, तो खोटा दाखला तू कुणासाठी आणलास? माझ्यासाठी की तुझ्यासाठी?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणे त्याला मारताच येत नसत. त्याला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

"तुझ्यासाठीच रे," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. स्वतः कधी खोटं बोलत नसल्यामुळे माझंही त्याला खरंच वाटलं.