तुमचा मामा कोणत्या दाराने जातो

तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर मामाला ‘हिरो’ म्हणता आणि तो हसतो. मी तेवढ्यात स्वयंपाकघरात निघून जाते. मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, “आजी, तुला मामाचं काम आवडत नाही का?” नाही आवडत. पण ते फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

सुरुवात तुमच्या पणजोबांपासून, म्हणजे माझ्या सासऱ्यांपासून करावी लागेल. लहानपणी ते आपल्या आईबरोबर पांढुर्ण्यात मोठ्या घरांमागच्या बोळींतून फिरायचे. तेव्हा घराच्या मागे संडास असे आणि त्याला बोळीच्या बाजूने एक लहान झडप असे. त्या झडपेतून मैला काढायचा आणि टोपलीत भरून डोक्यावरून न्यायचा. ते काम ज्यांच्या माथी मारलेलं होतं त्यांना गावात एक नाव होतं. ते मी इथे लिहिणार नाही. पुढे मिशनच्या शाळेत त्यांना जागा मिळाली. ते शिकले, ख्रिस्ती झाले, मास्तर झाले आणि सौंसरला आले, कारण इथे त्यांना टोपलीसकट कोणी पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी घराला एकच नियम घालून दिला. या घरातला माणूस दुसऱ्याची घाण उचलणार नाही आणि आपली घाण दुसऱ्याला उचलू देणार नाही. आमचा संडास ते शेवटपर्यंत स्वतः धूत. इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला लावायचे, धुवायचे, आंघोळ करायचे आणि शाळेत जायचे. मी इंग्रजी शिकवायला लागले ती त्यांच्या हट्टामुळे. तुमची आई परदेशात गेली तीही त्याच वाटेने.

आता मामा. तो बियाण्याच्या कंपनीत सेल्स ऑफिसर होता. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंतचे कापूसवाले शेतकरी त्याला साहेब म्हणत. लग्न केलं नाही, तो वेगळा विषय आहे. एके दिवशी जेवताना म्हणाला, “आई, राजीनामा देऊन आलो.”

“काहून? कोणी काही बोललं?”

“नाही. मी अटेंडंटचं काम करणार आहे. नागपूरला ट्रेनिंग आहे. लकवा झालेले, अंथरुणावर पडलेले लोक असतात ना, त्यांचं सगळं.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं म्हणजे सगळं.”

मी माझं ताट बाजूला सारलं. तो सांगत राहिला. दर रविवारी चर्चच्या मंडळीत बसून सेवेची गाणी गायची आणि सोमवारपासून लोकांना बियाणं खपवायचं, हे त्याला आता जमत नव्हतं. प्रभूने आजाऱ्यांना हात लावला, मी कोणाला लावला, असं तो म्हणाला. मी विचारलं, “आजारी माणसाला हात लावायचा तर डॉक्टर का नाही झालास?”

“तेवढी अक्कल नव्हती, आई. तूच तर म्हणायचीस.”

हे खरं होतं, पण त्यामुळे माझा राग कमी झाला नाही.

पुढच्या रविवारी मंडळीत त्याला उभं करून साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने या कामाला कसं बोलावलं ते सांगायला लावलं. बायांनी डोळे पुसले. एक बाई माझा हात धरून म्हणाली, “किती धन्य आई आहात तुम्ही!” मी म्हटलं, “तुमचा धाकटा घरीच बसून आहे ना? त्यालाही पाठवा, दोघी धन्य होऊ.” त्यानंतर ती बाई माझ्या रांगेत बसत नाही. बरंच झालं.

ट्रेनिंग झालं आणि त्याला पहिलं काम मिळालं ते पांढुर्ण्यात. तिथल्या कापडाच्या जुन्या व्यापाऱ्याची उजवी बाजू लकव्याने गेली होती. वाचाही गेली होती. मामा सकाळी मोटारसायकलने जायचा, म्हाताऱ्याला धुवायचा, कूस बदलायचा, भरवायचा आणि संध्याकाळी परत यायचा. गोटमारीच्या, म्हणजे नदीवरच्या दगडफेकीच्या जत्रेच्या दिवशी नदीकडचे रस्ते बंद असतात, तरी तो सावरगावच्या अंगाने कुठून तरी घुसून गेलाच. मी डबा द्यायची, पण कामाबद्दल विचारायची नाही.

मागच्या हिवाळ्यात पांढुर्ण्याला माझ्या एका जुन्या सहशिक्षिकेचा निरोप समारंभ होता. परत येताना मामाने मला घेऊन यायचं ठरलं होतं. समारंभ लवकर संपला आणि तो फोन उचलेना. मग मी पत्ता विचारत त्या व्यापाऱ्याच्या घरी गेले. समोरच्या दाराशी त्यांची सून भेटली. माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुम्ही सौंसरच्या इंग्लिशच्या मॅडम ना? माझी बहीण तुमच्याच हाताखाली शिकली! या ना, या, बसा.”

मला सोफ्यावर बसवलं. चिनी मातीच्या कपात चहा आणला, वर चिवडा आणि संत्रा बर्फी. बहीण आता कुठे आहे ते तिने सांगितलं. तिच्या मुलाचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून गाऱ्हाणं केलं. मग मी विचारलं, “तुमच्याकडे आजोबांना पाहायला एक जण येतो, तो आहे का?”

“तो होय? तो मागं आहे.”

“त्याला जरा बोलावता?”

“तो इकडं नाही येत, मॅडम. बोळीकडून येते, तिकूनच जाते. त्याचं काम तसलं आहे ना, बाप्पा, देवघर इकडं आहे. तुमचं काय काम होतं त्याच्यापाशी?”

“माझा मुलगा आहे तो.”

तिचा चेहरा कसा झाला हे मी लिहिणार नाही, कारण मी पाहिलाच नाही. मी कपाकडे पाहत होते. चहा अर्धा उरला होता. तो तसाच ठेवून उठले, समोरच्या दाराने बाहेर पडले आणि घराला वळसा घालून बोळीत गेले. तिथे झडप आता विटांनी बुजवलेली आहे, पण तिची चौकट दिसते. शेजारी एक दार होतं. दाराच्या पायरीवर, नळापाशी, तुमचा मामा मी दिलेला डबा खात बसला होता.

“आई? तू इकडून कशी?”

“तू इकडून कसा?” मी म्हटलं.

गाडी त्याने वाटेत एका संत्र्याच्या बगीच्यापाशी थांबवली, कारण मी मागे बसून ओरडत होते आणि त्याला चालवता येईना.

“आई, आजोबांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्यावर ते लादलं होतं. मी निवडून करून राहिलो. हा फरक आहे.”

“हा फरक तुला माहीत आहे. त्या घराला माहीत आहे का?”

“त्यांना काय माहीत आहे त्याच्याशी मला काय करायचं? प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्याने मान पाहिला का?”

“पाय धुतले. मग काय केलं?”

“मग काय म्हणजे?”

“मग तो परत जेवायला बसला. त्यांच्याच पंगतीत. धुणारा आणि धुवून घेणारे एका जेवणाला होते. तो बोळीतून आला नव्हता आणि बोळीतून गेला नव्हता. तुझं ताट कुठं वाढतात, सांग.”

त्याने गाडी सुरू केली. मला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पांढुर्ण्याला समोरच्या दाराशी जाऊन उभा राहिला. व्यापाऱ्याच्या मोठ्या मुलाने दार उघडलं. पुढचं मला मामानेच सांगितलं.

“आज इकून काहून?”

“रोज इकूनच येईन, भाऊ. आणि दुपारी घरातल्यांसोबत जेवीन.”

“काल तुझी माय येऊन गेली, तिनं शिकवलं काय?”

“हो.”

“मंग मायलेच विचार, दुसरं काम कुठं भेटते ते.”

मामा परत आला. मला वाटलं, आम्ही सुटलो. पण तो घरात अस्वस्थ फिरत होता. म्हाताऱ्याची कूस कोणी बदलली असेल का, पाठीला जखम होईल, हेच त्याच्या डोक्यात. मी म्हटलं, “त्यांना मुलगा आहे, सून आहे. त्यांनाही हात आहेत.” तो म्हणाला, “आई, त्या म्हाताऱ्याने मला कधी मागच्या दाराने बोलावलं नाही. तो तर बोलूच शकत नाही.”

त्यांनी दुसरा माणूस पाहिला, तो टिकला नाही. मग एका संध्याकाळी व्यापाऱ्याचा तोच मोठा मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याला आत बोलावलं, सोफ्यावर बसवलं आणि माझ्या चांगल्या कपात चहा दिला. मुद्दाम दिला. त्याने तो घेतला, पण प्यायला नाही.

“बाबूजी काही खाऊन नाही राहिले,” तो मामाला म्हणाला. “पाठीले जखम झाली. तू चाल.”

“कोणत्या दाराने?” मी विचारलं.

“दाराचं ठीक आहे, मॅडम. समोरून येऊ दे.”

“आणि जेवणाचं?”

त्याने कप खाली ठेवला. “घरात म्हातारी आहे. जेवणाचं पाहू.”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मामा उठला, खुंटीवरची चावी काढली आणि म्हणाला, “चला.” माझ्याकडे पाहिलंही नाही.

तर तो आता समोरच्या दाराने जातो. म्हाताऱ्याची जखम भरली म्हणे. मला आनंद व्हावा अशी तुमच्या मामाची अपेक्षा आहे, कारण दार तर उघडलं ना. पण दुपारी तो समोरच्या ओट्यावर बसून जेवायचा. घरातली माणसं आत आणि हा बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. हे कळलं त्या दिवसापासून मी त्याला डबा देणं बंद केलं. सांगून टाकलं, “त्यांच्या पंगतीत बस, नाहीतर उपाशी राहा.”

“आई, हा छळ आहे.”

“आहे.”

“प्रार्थनेत माझ्यासाठी काय मागतेस मग?”

“तुला भूक लागो, एवढंच मागते.”

ओट्यावर आता तो बसत नाही. पण मीही त्याची आई आहे, त्याचे कपडे धुवायला टाकते, खिसे तपासते. पांढुर्ण्याच्या बस स्टँडवरचा तेलकट कागद रोज निघतो. कालही समोसेच खाल्ले.