आत्याच्या वहीतलं तिसरं पान

बारशाचा दिवस ठरला तोवर माझ्या वहीत तीनशेच्या वर नावं झाली होती. भावाला मुलगी झाली, मी आत्या झाले, म्हणजे पाळण्यात बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव सांगायचा मान माझा. पन्नाशीच्या, बिनलग्नाच्या बाईला असा मान आयुष्यात एकदाच मिळतो. मग ती काय करते, ते आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात विचारा. मी तिथंच नोकरीला आहे. शब्दकोशांचं कपाट त्या दोन महिन्यांत मी इतक्यांदा उघडलं की त्याचं कुरकुरणारं दार शेवटी गुपचूप उघडायला लागलं.

"ताई, लोकायले नावं ठेवण्यात तू पहिल्यापासूनच पटाईत," भाऊ म्हणाला. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान, खापरखेड्याला वीज केंद्रात आहे. त्याच्या बोलण्याकडे मी कधीच लक्ष देत नाही.

आणि काय काय सापडलं म्हणून सांगू. जपानीत एकच नाव वेगवेगळ्या अक्षरांत लिहिता येतं आणि अक्षर बदललं की अर्थही बदलतो. आपल्याकडे एका नावाला एक धड अर्थ सापडला तरी आईबाप धन्य होतात. घाना देशात वारावरून नावं ठेवतात. शुक्रवारची मुलगी अफुआ, रविवारची अकोसुआ. हे वाचलं त्या दिवशी मी हुडकेश्वरच्या घरी येईपर्यंत कसाबसा दम धरला आणि चपला न काढताच आईला सांगितलं. आई मेथी निवडत बसली होती.

"त्यात काय नवं हाये?" ती म्हणाली. "आमच्या गावात दोन सुकऱ्या होत्या, एक बुधी होती."

आईचं गाव मौद्याजवळ. मी लगेच अफुआच्या खाली लिहिलं, 'सुकरी, म्हणजे शुक्रवारची, मौद्याकडे.' मला इतका आनंद झाला की मेथीची उरलेली जुडी मीच निवडून टाकली. आईनं संशयानं पाहिलं, कारण हे काम मी एरवी टाळते.

अडचण एकच होती. भावजय वही हातात घेईना. आधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. ही तिसऱ्या खेपेची मुलगी आठव्या महिन्यातच आली आणि सव्वीस दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. पायाला पट्टी, पट्टीवर आईचं नाव आणि 'बेबी'. आता ती घरी आली होती, गाल वर आले होते, डॉक्टर खूश होते. तरी तिची आई तिला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. सोनू नाही, छकुली नाही. नुसतं 'बाळ'.

बारशाच्या आठ दिवस आधी ती आमच्याकडे आली आणि माझ्यासमोर बसली.

"ताई, नाव चांगलं नको. उकंडी ठेवा. पाच वर्षांची होऊ द्या, मंग शाळेत चांगलं टाकू."

उकंडी म्हणजे उकिरड्यावरची. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथं नवं बाळ सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं उचलून आणायचं आणि असलं नाव द्यायचं. कचऱ्यातल्या पोराकडे यम कशाला बघेल, हा हिशोब. वीज केंद्राच्या क्वार्टरमधल्या कुण्या म्हातारीनं तिला हे सांगितलं होतं. मला राग आला, खोटं कशाला बोलू. भावजय इंजिनियर आहे. आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं, असल्या गोष्टी आम्ही कधीच्या सोडल्या. मी तिला बरंच बोलले. थोडा राग माझी वही वाया जाणार याचाही होता, हे आता कबूल करते.

"तिले काहून रागावून राहिली तू?" आई मधेच म्हणाली. "मी उकंडीच होती ना."

मी वही मिटली. तीनशे नावांचं मूळ शोधत मी घानापर्यंत गेले होते आणि आईचं पहिलं नाव काय, हे पन्नास वर्षांत तिला विचारलं नव्हतं.

"माह्या आधी तीन गेले होते," आई भावजयीला सांगू लागली. "मले सुपात ठेवलं. जगली मी. नावानं जगली का दाईच्या हातगुणानं, कोणाले माहीत. मायबापाचा जीव होता म्हणून ठेवलं, त्यायले मी दोष नाई देत. पण सात वर्षं पोट्टे माह्या अंगावर कचरा फेकत. मंग दीक्षा झाली. बाप घरी आला, नवीन नावानं हाक मारली. मी ओ देल्ली नाई. मले वाटलं, दुसऱ्या कोण्या पोरीले बोलावून राहिला."

भावजय रडत होती. मला काय करावं कळेना, म्हणून मी जे येतं तेच केलं, वही उघडून वाचायला लागले. मंगोलियात मूल जगावं म्हणून 'नेरगुई' ठेवतात, म्हणजे बिननावाची. आफ्रिकेत योरुबा लोकांत 'मालोमो', म्हणजे पुन्हा जाऊ नकोस. भावजयीनं डोळे पुसले आणि पहिल्यांदा वही माझ्या हातातून घेतली. बोटानं ओळी वाचत राहिली.

"तिकडच्या आयाही भेतात," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ताई, सुखरूप असा अर्थ असलेलं हाये का कोणतं?"

होतं. तिसऱ्याच पानावर होतं. पाली भाषेतलं खेमा, आपल्या क्षेमकुशलमधलं क्षेम तेच. मी तिच्या हातातल्या वहीचं पान उलटून त्या नावावर बोट ठेवलं.

बारशाला घर भरून गेलं. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं. मी पाळण्यावर वाकून कानात नाव सांगितलं आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, काहींनी जुने हिशोब काढून. आता मोठ्यानं नाव सांगायचं कामही माझंच होतं. त्याची मी आठवडाभर तालीम केली होती. पण मी बाजूला झाले आणि भावजयीला पुढे केलं.

तिनं पाळण्याची दोरी धरली. मग तिनं नीट, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "खेमा."

बाळ गाढ झोपलं होतं. खुर्चीवरून आईनं तिच्या वतीनं ओ दिली.