बांधाआतली जमीन

लेकीने काल हॉलंडमधून एका जुन्या तटबंदीच्या गावाचा फोटो पाठवला. वरून ते चांदणीसारखं दिसतं, भोवती पाण्याचा खंदक. फोनवर म्हणाली, "आई, शत्रू आला की ही माणसं बांध उघडून स्वतःच्याच शेतात पाणी सोडायची. गुडघाभर. सैन्याला चालता यायचं नाही आणि होडीही चालायची नाही."

तेवढ्यात नेरुळच्या आमच्या खिडकीतून ओहोटीच्या चिखलाचा वास आला, आणि मी मनाने माहेरच्या गावी, सारसोळ्याच्या बांधावर जाऊन पोचले.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नव्या शहरासाठी सरकारने आमची भातजमीन घेतली होती, मोजणीच्या खुंट्याही ठोकून झाल्या होत्या. पुनवेच्या उधाणात खाडीचा बांध फुटायला आला. असं झालं की घरटी एकाने जायचं, ही गावची रीत. त्या दिवशी बाबा एकटेच फावडं घेऊन निघाले. त्यांच्या मागे मी.

"जमीन गेली ना, दादा? आता कोनासाठी बांध घालतोस?" काका दारातून ओरडले.

"जमीन गेली, पन खारा पानी आत घ्याचा नाय," बाबा म्हणाले.

चिखल थंडगार होता. मी गोळे देत राहिले, बाबा ते पायाने दाबत राहिले. भरती उतरेपर्यंत बांध टिकला. तेव्हा मला बाबांचा केवढा अभिमान वाटला होता!

पाणी आत घेऊनही गाव राखता येतं, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? आम्ही घरी वळलो तेव्हा सगळी जमीन कोरडी होती. मोजणीच्या एकाही खुंटीला पाणी लागलं नव्हतं.