मासेकोंच्या अंगठ्याचं मयत

लुआंशाच्या खाणवस्तीत नन्स चालवतात त्या वृद्धाश्रमात काम्पाम्बाचा आवाज आधी पोचतो, बाई मागून येते. पन्नाशी उलटलेली, रुंद बांध्याची, उठताबसता गुडघ्यांना शिव्या घालणारी. आश्रमात येण्यापूर्वी ती बाजाराच्या तोंडाशी पिठाचे गोड गोळे तळून विकायची. ‘निम्म्या गावाला गोडाची चटक मी लावली, आता तीच सोडवत बसलेय,’ असं ती स्वतःच सांगते. आली होती भांडी घासायला. आश्रमप्रमुख सिस्टर बर्नादेता यांनी तिच्या हातात साखर मोजायचं यंत्र दिलं, सुई टोचायला शिकवलं आणि मधुमेहाची सगळी म्हातारी माणसं तिच्या ओटीत घातली.

त्यांतली डोकेदुखी एकच, एझेकिया मासेको. खाणीत माणसं खाली सोडणारी आणि वर आणणारी लिफ्ट चालवण्यात यांचा जन्म गेला. सबंध पाळी आपल्या एका हातावर जिवंत राहत होती, तेव्हा आपल्याला कुणी शहाणपण शिकवू नये, असं त्यांचं स्पष्ट मत.

मासेको न्गोनी, काम्पाम्बा बेम्बा. या दोन जमाती एके काळी एकमेकींचे गळे कापत होत्या. पुढे लढाई संपली आणि तिच्या जागी थट्टा आली. दीर-भावजयीची थट्टा हिच्यापुढे फिकी. न्गोनीने बेम्बाला माकडखाऊ म्हणावं, बेम्बाने न्गोनीला उंदीरखाऊ; समोरच्याच्या ताटातला घास उचलावा, त्याच्या घरच्या मयतातसुद्धा सोंगं करावीत. राग धरायचा नाही. धरला तो हरला.

मासेकोंच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बूट चावून जखम झाली होती आणि ती भरेना. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने बजावलं, की साखर खाली आली नाही तर पुढच्या खेपेला अंगठा कापावा लागेल, आणि तेवढ्यावर भागेलच असं नाही. पाय रोज बघायला हवा होता. मासेको आठवड्यातून दोनदा सिस्टरकडून पट्टी बांधून घेत, एरवी मोजा उतरवू देत नसत. काम्पाम्बा खाली वाकली की म्हणत, “न्गोनीचा पाय माकडखाऊ बाईच्या हाती द्यायचा? उकळून खाशील.”

उपदेश चालणार नाही हे तिने ओळखलं होतं. लूट मात्र चालणार होती. जेवणाच्या वेळी ती सगळ्यांदेखत मासेकोंच्या ताटातला न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, अर्धा गोळा उचलायची, “उंदरांना एवढा मका कशाला?” असं ओरडायची आणि त्या जागी शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी वाढायची. चहाबरोबरचा पावही पळवायची. म्हातारे हसायचे, मासेको शिव्या द्यायचे आणि वाढलेलं खायचे. डॉक्टरचा आहार असा तंतोतंत पाळला जात होता. काम्पाम्बा स्वतःवर खूष होती.

यंत्र तेवढं खूष नव्हतं. तिकडच्या मापात सकाळचा आकडा सातच्या आसपास यायला हवा, तो सतराखाली उतरेना. काम्पाम्बाने यंत्र स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं. बिचारं खरं बोलत होतं. सिस्टरनी इन्सुलिन वाढवलं. आकडा ढिम्म. न्गोनी लोक हवेतून साखर ओढतात की काय, अशी शंका तिने स्वयंपाकघरात बोलून दाखवली.

उलगडा एका दुपारी झाला. पाव पळवून ती आत गेली आणि विसरलेला ट्रे न्यायला परत आली. बघते तर बा म्वाबा, आश्रमातली सगळ्यात वयस्क बेम्बा म्हातारी, कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या कापडातून साखर पेरलेला पाव काढून दोन्ही हातांनी, अगदी आदराने, मासेकोंना देतेय. मागे आणखी दोघी बेम्बा म्हाताऱ्या रांगेत. एकीच्या हातात केळं, दुसरीच्या हातात मक्याच्या गोड मुन्कोयोचा पेला.

काम्पाम्बाने जाब विचारला. बा म्वाबा तिच्यावरच उखडली.

“तुला लाज नाही म्हणून आम्हीपण सोडायची? रोज उठून त्याचं लुटतेस. आपल्या पोरीने लुटलं तर भरपाई आपल्या माणसांनी द्यायची. नाहीतर ती थट्टा कसली, चोरीच.”

म्हणजे काम्पाम्बा जितक्या दणक्यात लुटत होती, तितक्या इमानाने जमातीची अब्रू गोड पदार्थांनी राखली जात होती. मासेकोंनी हे सांगायचं काही कारण नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच बेम्बा लोक त्यांच्याशी रीतीने वागत होते.

काम्पाम्बा तडक सिस्टरकडे गेली आणि सगळं ओकली. सांगणं भागच होतं: वाढवलेलं इन्सुलिन तसंच ठेवून पाव बंद केले असते, तर साखर एकदम कोसळून म्हातारा बसल्याजागी आडवा झाला असता. सिस्टरनी डोळे मिटून प्रार्थना केली, किंवा हसू दाबलं. मग डॉक्टरला फोन लावून डोस ठरवून घेतला. मग काम्पाम्बाने बा म्वाबाला गाठलं आणि डॉक्टर काय म्हणाला ते साध्या शब्दांत सांगितलं.

म्हातारीने तंबाखू चोळून तोंडात टाकली. “म्हणजे पाय मरणार,” ती म्हणाली. “मग मयत आपणच करायला पाहिजे. तो हक्क आपला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत चटई अंथरली गेली. तिच्यावर चितेंगेत गुंडाळलेली एक उशी, टोकाला लाल सुतळी, हा अंगठा. बेम्बा म्हाताऱ्या कमरा कसून आल्या आणि छाती पिटू लागल्या. मासेकोंना खुर्चीसकट मधोमध आणलं गेलं, कारण घरचं माणूस तेच.

“अरे अंगठ्या,” बा म्वाबाने सूर लावला, “लढाईत मेला नाहीस, खाणीत मेला नाहीस, पावासाठी मेलास रे!”

मासेको इतके हसले की खोकला आला. प्रेत कुठल्या उंदराच्या बिळात पुरायचं, याची चर्चा झाली. काम्पाम्बा रीतीप्रमाणे चटईच्या वाटेत आडवी पडली आणि कोंबडी मिळेपर्यंत प्रेत पुढे जाऊ देणार नाही म्हणाली. गुडघ्यांमुळे तिला आपणहून उठता येत नव्हतं, म्हणून धमकी खरी वाटली. मग बा म्वाबाने पुढची ओळ घेतली:

“पाठोपाठ पाऊल येईल, मग गुडघा येईल. न्गोनी नाचायला उभे राहतील, आणि आमचा मासेको खुर्चीतून टाळ्या वाजवेल.”

मासेकोंचं हसू थांबलं. रागावता तर येत नव्हतं.

“मेलेला नाहीये तो,” ते म्हणाले.

“प्रेताचे नातेवाईक असंच म्हणतात,” काम्पाम्बा जमिनीवरून म्हणाली.

मासेको खाली वाकले आणि सगळ्यांसमोर त्यांनी मोजा ओढून काढला. पट्टी सरकून आत पुवाने चिकटली होती, कड काळी पडली होती. रडणाऱ्या बायका वाकून बघू लागल्या. काम्पाम्बा तशीच रांगत पुढे आली आणि तिने पाय मांडीवर घेतला. सिस्टरला बोलवायला कुणीतरी धावलं. मासेकोंनी पाय मागे घेतला नाही.

त्या दिवसापासून पाव आले नाहीत. आकडा हळूहळू उतरला. डॉक्टरने पुढच्या खेपेला जखम दाबून पाहिली, दिव्याखाली पाहिली आणि कापायची गरज नाही म्हणाला. नख मात्र गेलं, ते परत येणार नव्हतं.

आश्रमात परतल्यावर मासेकोंनी पडवीतच पंचायत भरवली. त्यांचं म्हणणं, बेम्बांनी जिवंत अवयवाचं मयत केलं. एवढी आगळीक थट्टेतही बसत नाही, दंड द्या. बा म्वाबालासुद्धा ते पटलं. काय हवं, असं विचारल्यावर सगळ्यांना वाटलं, आता मुन्कोयो मागणार.

“रोज सकाळी,” मासेको म्हणाले, “या बाईने माझ्यापुढे गुडघे टेकायचे, अंगठ्याकडे नीट बघायचं आणि त्याला राजाचा मुजरा करायचा. बायेते म्हणायचं. मोठ्याने.”

काम्पाम्बाने दंड फार जड आहे म्हणून थोडी घासाघीस केली. मग कबूल झाली.

आता रोज सकाळी त्या पडवीत ती गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसते, मोजा उतरवते, बोटांच्या बेचक्या उघडून बघते, टाच दाबते, आणि खाणीच्या भोंग्यासारख्या आवाजात अंगठ्याला मुजरा करते. मासेको मान किंचित हलवून तो स्वीकारतात. डाव्या पायाचा अपमान होतोय, असं ते अलीकडे म्हणू लागले आहेत.