पुढच्या रविवारची गोधडी

कुलूपवाल्यांचं दुकान रविवारी बंद असे. आठवडाभर लोकांच्या हरवलेल्या किल्ल्या घासून द्यायच्या आणि रविवारी जेवण झालं रे झालं, की कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे बुद्धिबळाचा पट मांडायचा, हा त्यांचा शिरस्ता.

त्यांची बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलर बसवायची. मुलीला दिवस गेल्याचं कळलं तशी तिने कात्रणं जमवून बाळासाठी गोधडी करायला घेतली. वरचा थर जोडून झाला. आता खाली अस्तर, मधे जुनं लोकरी पांघरूण आणि वर हा थर, असं सगळं जमिनीवर ताणून कच्चे टाके घालायचे होते. एकटीला ते जमेना. एक बाजू ओढली की दुसरी गोळा व्हायची.

"अहो, दहा मिनिटं नुसती टोकं धरा."

"अगं, शिंपी खोळंबलाय. पुढच्या रविवारी नक्की."

"तुमचा पुढचा रविवार कॅलेंडरात छापतच नाहीत," ती हसून म्हणायची. पुढे पुढे ती हसेनाशी झाली, मग विचारेनाशी. नात जन्मली, रांगली, चालायला लागली.

एका सकाळी कारखान्यात मशीनवर बसल्या बसल्याच तिची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून ती घरी आली, हळूहळू चालायला लागली. बोलणं जड झालं. हात मात्र लुळा तो लुळाच राहिला.

तिचे कपडे शोधताना कुलूपवाल्यांना कपाटाच्या तळाशी ते थर सापडले. अस्तराच्या चारही कोपऱ्यांवर गंजाचे डाग होते. डागांचा आकार त्यांनी लगेच ओळखला. ते त्यांच्या दुकानातल्या मोठ्या कुलपांचे डाग होते. त्या कुलपांचं वजन ठेवून तिने एकटीने कापड ताणायचा प्रयत्न केला होता. कडेला टाके घालून उसवल्याच्या खुणा होत्या.

"हे कधी केलंस?"

"तुम्ही... बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेला होतात तेव्हा. चारदा अंथरलं. चारदा उसवलं."

आवाजात तक्रार नव्हती. तेच त्यांना झोंबलं.

त्याच दिवशी त्यांनी खाट भिंतीला लावली, जमीन पुसली आणि थर अंथरले. ती खुर्चीत बसून सांगत होती.

"मधून सुरू करा. मग कडेला या. हाताने सुरकुती बाहेर काढा."

ते गुडघ्यांवर रांगत टाके घालत होते. बोटांना सुई टोचत होती.

"एवढा मोठा टाका? शिवताय की कडी घालताय?"

दोघंही हसली. हसता हसता तिची नजर मांडीवरच्या लुळ्या हाताकडे गेली आणि डाव्या हाताने तिने तो पदराखाली घेतला.

पाच रविवार गेले. शेवटी कडेची पट्टी बसली, तीही वाकडी. मुलगी नातीला घेऊन आली तेव्हा कुलूपवाल्यांनी गोधडी नातीच्या अंगावर घातली. चार वर्षांच्या पोरीचे पाय गुडघ्यापासून उघडेच राहिले.

"छान झालीय, आई," मुलगी म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली.

नातीने पाय वर घेऊन पाहिले, पुन्हा लांब केले. "आजी, ही माझ्या बाहुलीची का?"

"हो गं," आजी म्हणाली. "बाहुलीचीच."

कुलूपवाले आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ कपाट आवरत राहिले. ते आधीच आवरलेलं होतं.