कडी नसलेले पिस्तूल

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता आठवावे लागतात. हा एक आठवावा लागत नाही, तो आपणहून येतो. निवृत्तीनंतर शाळा-महाविद्यालयांत बोलावतात तेव्हा मी उकललेले गुन्हे सांगतो. हा सांगत नाही. उकलला हाही होता, पण कसा उकलला हे सांगताना मान वर राहत नाही.

सुरुवात गोळीबार मैदानावर झाली. आमच्या दलातली जुनी रिव्हॉल्व्हर जाऊन त्या जागी नवी पिस्तुले यायची होती. कोणते पिस्तूल घ्यावे हे सुचवण्यासाठी एक समिती नेमली होती आणि ग्रामीण ठाण्यांतर्फे तिच्यात मला घेतले होते. माझे वडील दुसऱ्याची जमीन कसत. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. गावच्या हायस्कुलातल्या गुरुजींनी फी माफ करून घेतली नसती, तर मीही दुसऱ्याच्या बांधावर उभा असतो. हे मी कधी विसरलो नाही. पण त्या दिवशी वरिष्ठांच्या रांगेत खुर्ची मिळाली याचेच मला इतके अप्रूप वाटत होते, की आपल्याला इथे कशासाठी बोलावले आहे याचा विसर पडला.

टेबलावर दोन नमुने ठेवले होते. पहिले वजनाला जड. त्याच्या मुठीच्या तळाशी पोलादी कडी होती. त्या कडीत लॅनयार्ड, म्हणजे गोफासारखी दोरी, अडकवून ती खांद्यावरून घ्यायची. हत्यार हातातून निसटले तरी अंगावरच लटकत राहते. जुन्या रिव्हॉल्व्हरलाही अशी कडी असे. दुसरे पिस्तूल हलके, काळेभोर, हातात चपखल बसणारे. त्याला कडी नव्हती. आम्ही आळीपाळीने दोन्ही चालवली. दोन्ही चांगली चालली. दुसऱ्याच्या गोळ्या निशाणावर जरा जवळजवळ पडल्या, इतकाच फरक.

मग कडीचा विषय निघाला. एक वरिष्ठ म्हणाले, "अहो, दोरी गुरांना बांधतात. अधिकाऱ्याला बांधायची का?"

सगळे हसले. आमच्या गोठ्यात दावणीला म्हशी असत आणि शाळेत जाण्याआधी त्यांची दावी मी सोडत असे. तरी सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. माझी पाळी आल्यावर म्हणालो, "दुसरं घ्यावं, सर. आधुनिक आहे."

माझी सगळी नोकरी चिखलात, ओढ्यात आणि मोटारसायकलवर गेली होती. हत्यार कमरेला लावून बांधावरून उडी मारताना काय होते हे त्या टेबलाभोवती फक्त मला ठाऊक होते. ते सांगण्यासाठीच मला बोलावले होते. मी ते सांगितले नाही.

पिस्तुले आली. कमरेला लावायची होल्स्टर मागाहून येतील, तोवर जुनीच वापरा, असा निरोप आला. जुने होल्स्टर रिव्हॉल्व्हरच्या फुगीर पोटाच्या मापाचे. नवे पिस्तूल त्यात खुळखुळत असे आणि झाकणाचे बटण नीट लागत नसे. आम्ही तक्रार केली नाही. खात्यात नवी वस्तू मिळाल्यावर तक्रार करायची पद्धत नाही.

त्या वेळी मी शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या भागात एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचे नाव सांगत नाही. हद्दीत एका बाजूला हमरस्ता, ढाबे आणि नव्या इमारती, तर दुसऱ्या बाजूला डोंगराच्या कुशीतले पाडे. माझ्या हाताखाली एक तरुण फौजदार होता. कामाला वाघ. भात पोटरीला आले होते तेव्हा तो एक वॉरंट बजावायला मोटारसायकलवरून एकटाच पाड्यांकडे गेला. परतताना ओढ्यात गाडीचे मागचे चाक रुतले. काठावर गवत कापणारा एक माणूस धावत आला, दोघांनी मिळून गाडी वर काढली. फौजदार ठाण्याच्या फाटकात उतरला तेव्हा त्याचा हात कमरेकडे गेला.

तो माझ्या खोलीत आला आणि त्याने दार लोटून घेतले.

"सर, पिस्तूल नाही."

"जमा केलंस?"

"नाही सर. नाहीच आहे."

होल्स्टरचे झाकण उघडेच होते.

शस्त्र हरवले तर काय करायचे याचा नियम स्पष्ट आहे. तत्काळ वरिष्ठांना कळवायचे, नोंद घ्यायची, शोध सुरू करायचा. मी फोनकडे पाहिले. ज्या पिस्तुलाची शिफारस मी केली, ते सगळ्यांत आधी माझ्याच ठाण्यातून हरवले, हे मला कळवायचे होते. मी म्हणालो, "आधी शोधू. कुणाला बोलू नकोस." एका हवालदाराला तेवढे विश्वासात घेतले. ओढा तिघांनी चाळून काढला. गाडी जिथे रुतली होती तिथे खड्डा होता, पावले होती, पिस्तूल नव्हते. आणि हरवलेल्या पिस्तुलात जिवंत काडतुसे होती.

दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. आटगावच्या वाटेवर भज्यांची गाडी लावणारा एकजण आमचा जुना खबरी. त्याने हवालदाराला सांगितले, "काल तो पाड्यावरचा गवतवाला आलेला. बोलला, मला एक चीज घावलीय, पन तोंड उघडाया नाय पायजे. मी बोललो, अरे चा तरी पी. तं चा पन न घेता गेला."

गवतवाला म्हणजे गाडी ढकलणाराच. हवालदार त्याला घेऊन आला. मध्यमवयाचा, काटक, शांत माणूस. त्याला बाकावर बसवले. अटक केली नाही, चौकशीची नोटीस दिली नाही, स्टेशन डायरीत नोंद घेतली नाही. नोंद घ्यायची तर कारण लिहावे लागले असते.

हवालदाराने सुरुवात केली. "काय रे, ओढ्यात काय उचललंस?"

"तुमचं काय हरवलं?"

"प्रश्न आम्ही विचारतो. काय उचललंस ते बोल."

"तुमी नाव घ्या, सायेब. मंग मी सांगतो."

"कुणाचं नाव?"

"हरवलं त्याचं."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. पिस्तूल हा शब्द त्याच्यासमोर उच्चारायचा नाही असे आमचे ठरले होते. शब्द ठाण्याबाहेर गेला की बाजारात जाणार, बाजारातून वर्तमानपत्रात आणि तिथून वर. मी म्हणालो, "ते तुला कळायची गरज नाही."

त्याने जरा विचार केला. "मंग मला पन बोलायची नाय."

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. पण पोलीस ठाण्यात 'नाही' हा शब्द कोणत्या सुरात आला हे कुणी ऐकत नाही. हवालदाराने बाही मागे सारली. "साहेब, तुम्ही जरा बाहेर जाता का?"

मी म्हणालो, "चहाचं बघतो." आणि बाहेर गेलो.

मी नोकरीत संशयितावर कधी हात उचलला नाही, असे पूर्वी अभिमानाने सांगत असे. ते खरे आहे. मी चहाचे बघायला जात असे. व्हरांड्यात उभे राहून मला आतले आवाज ऐकू येत होते, आणि प्रत्येक आवाजानंतर तोच संवाद. "काय उचललंस?" "तुमी नाव घ्या." फौजदार माझ्या शेजारी उभा होता. तो एकदा म्हणाला, "सर, राहू द्या. मी जबाब देतो, नोकरी गेली तर गेली." मी त्याला गप्प केले. त्याच्यासाठी केले असे तेव्हा मला वाटले.

फाटकाशी एक बाई बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर. त्या माणसाची बायको. मी वैतागून विचारले, "काय पाहिजे?"

"नवऱ्याला भाकर द्याची हाय. न् तुमाला एक सांगायचं हाय."

"बोल."

"तुमी इचारता तसं नाय इचारायचं. तो बोलनार नाय. मेला तरी नाय. आमच्या पाड्याची रीत हाय. वाटंत घावलेली चीज घरात न्यायची नाय. गावदेवाम्होरं ठेवायची. ज्याची हरवली त्यानं येयाचं, सगल्यांदेखत तिचं नाव घेयाचं, न् घेऊन जायाचं. ज्याला घावली त्यानं नाव घेयाचं नाय."

"का घ्यायचं नाही?"

एखाद्या लहान मुलाने सोपी गोष्ट विचारावी, तसे तिने माझ्याकडे पाहिले. "त्यानं आधी सांगितलं तं कोन पन येल न् बोलंल, माजीच हाय."

हीच आमचीही पद्धत आहे. सापडलेली सोनसाखळी ठाण्यात जमा झाली की ती दाखवून मालक शोधत नाहीत. आलेल्या माणसाला आधी वर्णन विचारतात, जुळले तरच वस्तू देतात. नव्या शिपायांना हे मी स्वतः शिकवले होते. आत बाकावर बसलेला माणूस माझाच धडा पाळत होता, आणि त्यासाठी मी त्याला मार खायला लावत होतो. त्याने पिस्तूल जंगलात पुरले असते किंवा विकले असते, तर कदाचित त्याने तोंड उघडले असते. प्रामाणिक होता म्हणून गप्प होता.

मी आत जाऊन हवालदाराला थांबवले. मग फोन उचलून वरिष्ठांना सगळे कळवले. "आत्ता सांगताय?" एवढेच ते म्हणाले.

फौजदार, हवालदार आणि मी त्या नवरा-बायकोला घेऊन पाड्यावर गेलो. गावदेव म्हणजे ऐनाच्या झाडाखाली शेंदूर लावलेले दगड आणि शेजारी रोवलेला कोरीव लाकडी खांब. बायकाही शेतावरून आल्या, कमरेला कोयते तसेच. त्या माणसाचा खालचा ओठ सुजला होता. त्याच्याकडे सगळे पाहत होते आणि मग आमच्याकडे.

फौजदार दगडांपुढे उभा राहिला. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला.

एक म्हातारी म्हणाली, "मोठ्यानं बोल रे बाबा. देव माझ्यावानी म्हातारा हाय."

"माझं पिस्तूल हरवलं."

"कुठं?"

"ओढ्यात. गाडी काढताना."

"मंग काल का नाय आलास?" म्हातारी म्हणाली. "आमची शेळी हरवली तं आमी गावभर बोंब मारतो. तुमी येवढं हत्यार हरवून गप बसला व्हय?"

मागे कुणीतरी खुदकन हसले. गणवेशातले आम्ही तिघे जमिनीकडे पाहत होतो.

त्या माणसाने पुढे होऊन खांबाशी उपडी ठेवलेली टोपली उचलली. खाली सागाच्या पानांत गुंडाळलेले पिस्तूल होते. आणि ते रानातल्या सालीच्या दोरीने खांबाला बांधलेले होते.

मी दोरी सोडवायला बसलो. गाठ पक्की होती, वेळ लागला. मॅगझिन काढून पाहिले, काडतुसे सगळी होती. "बांधलं का?" मी विचारले. बायको म्हणाली, "पोरं फिरतात, कुत्री फिरतात. दुसऱ्याची चीज हाय. आपल्याकडून हरवाया नाय पायजे."

गोळीबार मैदानावरचे माझे हसणे मला त्या वेळी ऐकू आले.

पुढे विभागीय चौकशी झाली. फौजदाराची वेतनवाढ रोखली, मला उशिरा कळवल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. जबाबात मी पिस्तुलाचे सगळे खरे सांगितले. होल्स्टरचे सांगितले, माझ्या शिफारशीचेही सांगितले. त्या माणसाला नोंद न घेता बसवून ठेवले आणि मारले, हे सांगितले नाही. कुणी विचारलेही नाही. चौकशी पिस्तुलाची होती.

नोकरीच्या शेवटी पुन्हा एकदा शस्त्राबद्दल मत देण्यासाठी मला बोलावले. या वेळी मी बोललो. पिस्तूल बहुतेकांच्या उभ्या नोकरीत एकदाही चालत नाही, पण रोज कमरेला असते. म्हणून ते झाडले कसे जाते याआधी ते अंगावर राहते कसे, हे पाहा. कडी असलेलेच घ्या. होल्स्टर हत्याराबरोबरच द्या. निवडताना ज्याला चिखलात उतरायचे आहे त्याला ते लावून ओढ्यातून चालवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहाच्या वेळी एक वरिष्ठ म्हणाले, "हा खरा अनुभव." मी आभार मानले. तो अनुभव कुणाच्या ओठावर उमटला होता, हे तेव्हाही सांगितले नाही. म्हणून इथे लिहितो आहे. उशिरा लिहितो आहे, हेही मला कळते.

पाड्यावरून निघण्याआधीची एक गोष्ट राहिली. हरवलेली वस्तू मिळाली की मालकाने देवाला नारळ द्यायचा, अशी तिथली रीत. ती बाईने वाटेतच सांगितली होती, म्हणून फौजदाराने नारळ आणला होता. तो फोडला, खोबरे वाटले. त्या माणसाने आपला तुकडा सुजलेल्या ओठाच्या दुसऱ्या बाजूने हळू चावला. मी त्याला बाजूला घेतले. विचारले, "पिस्तुलाचा नारळ झाला. तुला मारलं, त्याचं देवापुढे काय ठेवायचं?"

त्याने खरोखरच विचार केला. मला टोचावे म्हणून तो बोलला नाही, ते मी पाहत होतो.

"त्याची रीत नाय, सायेब, आमच्यात," तो म्हणाला. "कदी लागलीच नाय."